शेवटचे कधी उघडले

माणसाने मनापासून केलेले कोणतेही काम वाया जात नाही. त्याची कुठे ना कुठे नोंद राहतेच. हे वाक्य नभोवाणी केंद्राच्या जुन्या इमारतीत, तळमजल्याच्या भिंतीवर, मोठ्या पितळी अक्षरांत बसवलेले होते. पुढे पिण्याच्या पाण्याचे मशीन आले. त्याला दुसरीकडे जागा मिळेना, म्हणून ते याच भिंतीला टेकवून उभे केले. तेव्हापासून 'माणसाने मनापासून केलेले कोणतेही काम वाया जा' एवढेच वाचता येई. नव्याने रुजू झालेल्यांना ती वरिष्ठांची सूचना वाटे आणि बहुतेक जण ती पाळत.

मशीनला वळसा घालून आत गेले की ध्वनिसंग्रह विभाग लागे. विभाग म्हणजे दोन खोल्या. पहिलीत मावशी बसत आणि दुसरीत नाना. मावशी विभागप्रमुख होत्या आणि नाना हा त्यांचा विभाग होता. नानांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. ध्वनिसंग्रहात एका कानाचा माणूस कसा काय, असे कोणी विचारले की ते म्हणत, "जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. एक कान पुरतो."

मावशींनी उमेदीची सगळी वर्षे जुन्या टेपा संगणकावर उतरवण्यात घातली होती. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा. नदीवर पूल व्हायच्या आधी पलीकडच्या नावाड्याला मारलेली हाक, आणि बऱ्याच वेळाने तिकडून आलेली वैतागलेली 'ओ'. एका सुईणीने तासभर सांगितलेली आपल्या कामाची हकिगत. हवामानाची बातमी वाचताना निवेदकाला लागलेली आणि बातमी संपेपर्यंत न थांबलेली उचकी. टेप उतरून झाली की ती 'आता सर्व्हरवर सुरक्षित आहे' असा शेरा मारून टाकून दिली जाई. त्यामुळे जे काही होते ते सर्व्हरवर होते, आणि सर्व्हर समोरच्या नव्या इमारतीत होता.

सर्व्हरची देखभाल ज्याच्याकडे होती त्याला सगळे केंद्र 'जावईबापू' म्हणत असे. त्याला कारण मावशीच. पूर्वी एकदा तो त्यांचा संगणक दुरुस्त करायला आला, चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवून गेला. मावशींनी तो कप दोन दिवस नुसता पाहिला आणि तिसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. लग्न झाल्यावर त्या त्याला भर कचेरीत जावईबापू म्हणू लागल्या. मग नाना म्हणू लागले, मग शिपाई, आणि शेवटी उपसंचालकही. त्याचे खरे नाव फक्त पगारपत्रकात उरले.

अडचण अशी होती की संग्रहाचे फोल्डर उघडायला फार वेळ लागे. मावशी माउसचे बटण दाबत, उठत, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत, चहा टाकत, नानांना हाक मारत, चहा पीत, आणि परत येऊन बघत तर पडद्यावरचे चक्र फिरतच असे. मग त्या फोन करत.

"जावईबापू, फोल्डर उघडायला लावलंय."

"मग?"

"मग काही नाही, सहज कळवलं. आम्ही असेपर्यंत उघडलं तर निरोप पाठवते."

असे आठवड्यातून दोनदा होऊ लागले आणि घरीही विषय निघू लागला, तेव्हा त्याने काम मनावर घेतले.

समोरच्या इमारतीतली डिस्क आपल्याच टेबलाखाली आहे असे संगणकाला भासवायचे, याला माउंट करणे म्हणतात. सगळा व्यवहार अशा सोंगावर चालत असल्याने सोंग कसे वठवायचे याच्या अटी ठरवून द्याव्या लागतात. एका वेळी किती मोठा घास घ्यायचा, एकाच वाटेने ये-जा करायची की चार वाटांनी, एकदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर किती वेळ खरे धरायचे, वगैरे. मावशींचा संगणक यादी दाखवण्याआधी सर्व्हरला प्रत्येक फाइलची चौकशी करत होता: ती आहे का, कोणाची, केवढी, शेवटची कधी बदलली. स्थळ बघायला निघालेल्या बायकांसारखी खोदून खोदून चौकशी, आणि स्थळे लाखावर.

जावईबापूने एक छोटा प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी तो संग्रहाचे फोल्डर उघडे, किती वेळ लागला ते मोजे आणि दोघांना मेल पाठवी. एक मेल त्याला स्वतःला आणि दुसरा उपसंचालकांना, कारण त्यांनी कधीतरी 'मलाही कळवत जा' असे म्हटले होते आणि ते वाक्य परत घेतले नव्हते. मग तो एकेक अट बदलू लागला. घास मोठा केला, वेळ थोडा उतरला. वाटा वाढवल्या, आणखी उतरला. विचारलेले उत्तर दहा मिनिटे खरे धरायचे असे ठरवले, आणि वेळ धाडकन खाली आला.

त्या दिवशी विभागात भांडण झाले.

"नाना, भोंग्याची साफ केलेली फाइल टाकलीय. ऐकून घ्या."

"नाही आली," नाना पलीकडच्या खोलीतून म्हणाले.

"अहो टाकलीय. माझ्यासमोर दिसतेय."

"तुमच्यासमोर असेल. माझ्यासमोर नाही."

"कानाच्या जोडीला डोळाही गेला का?"

"डोळे शाबूत आहेत. तुम्ही दुसरीकडे कुठेतरी टाकली असेल. गेल्या वर्षी सुईण हवामानात टाकली होतीत."

जावईबापूला बोलावण्यात आले. त्याने दोन्ही पडदे पाहिले. "दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "नानांचा संगणक मघाशी मिळालेलं उत्तरच अजून सांगतोय. त्याच्यासाठी अजून दहा मिनिटांपूर्वीची वेळ आहे."

"म्हणजे मी भूतकाळात बसलोय," नाना म्हणाले.

"थोडासा."

"तो काळ नोकरीत धरतात का?"

शेवटी दहा मिनिटांचे एक मिनिट करण्यात आले. तेवढ्या भूतकाळाला नाना तयार झाले.

सगळ्यात शेवटी एक अट उरली: नोएटाइम. कोणी फाइल नुसती वाचली तरी डिस्क एका बाजूला टिपून ठेवते की ही शेवटची अमुक दिवशी उघडली. म्हणजे नुसते ऐकायचे म्हटले तरी डिस्कला लिहावे लागते. नोएटाइम म्हणजे, बाई, हे टिपणे सोड. त्याने ही अट आधी मावशींच्या आणि नानांच्या संगणकांवर लावली. काही फरक पडला नाही, कारण अशा मांडणीत ही तारीख सर्व्हर टिपतो आणि त्याला या संगणकांचे मत कोणी विचारत नाही, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. मग त्याने ती सर्व्हरच्या डिस्कलाच लावली. सकाळचा मेल आला. शिंकायला लागतो तेवढा वेळ वाचला होता. ती काढून टाकली असती तरी चालले असते. पण असू दे, आपले काय खाते, असे म्हणून त्याने ती राहू दिली.

मावशी आता बटण दाबून उठत आणि खुर्ची मागे सरकायच्या आत यादी समोर येई. चहाची सवय मोडली आणि कुंड्या वाळू लागल्या. त्या महिन्यात बायको जेवताना म्हणाली, "मावशी तुझं कौतुक करत होती."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, निवडलेला माणूस अगदीच फुकट गेला नाही."

हे वर्षापूर्वीचे झाले. वर्षाहून थोडे जास्तच.

पुढे वाहनतळात कॅमेरे बसले. कॅमेरे रात्रंदिवस मोकळ्या गाड्यांचे चित्रण करत आणि ते चित्रण सर्व्हरवर साठे. जागा संपत आली. मुख्य कचेरीने एक समिती नेमली आणि समितीने एक नियम केला: वर्षभरात ज्या फाइली कोणी उघडल्या नाहीत त्या काढून टाकाव्यात; एखाद्या विभागाच्या बहुतेक फाइली तशा निघाल्या तर विभागच बंद करून माणसे दुसरीकडे द्यावीत. मावशींसाठी आवक-जावक शाखेतले एक टेबल आधीच पाहून ठेवले होते.

मावशी निश्चिंत होत्या. "आमच्याकडे रोज उघडतात," त्या म्हणाल्या. आणि ते खरे होते. नाटकवाल्यांना दाराच्या कड्या आणि जिन्यावरची पावले हवी असत. विद्यार्थी सुईण ऐकायला येत. दर गुरुवारी एका म्हाताऱ्या माणसाचा फोन येई. तो त्या बंद गिरणीत कामाला होता. नाना रिसीव्हर स्पीकरपाशी धरत आणि भोंगा लावत. भोंगा संपला की तो 'झालं' म्हणे आणि फोन ठेवून देई. आभार मानत नसे. नानांच्या मते माणूस भोंग्याचे आभार मानत नाही, तेच बरोबर होते.

नियम वाचला तेव्हा जावईबापू आपल्या टेबलाशी पोळलेल्या जिभेने कॉफी पीत होता. 'शेवटचे कधी उघडले' हे शब्द त्याने दोनदा वाचले. मग सर्व्हरवर जाऊन पाहिले. भोंगा, नावाडी, सुईण, उचकी. सगळ्यांच्या पुढे वर्षाहून जुन्या तारखा होत्या. त्याने नोएटाइम लावले त्या दिवसानंतर, डिस्कच्या लेखी, कोणीही काहीही ऐकले नव्हते.

घरी त्याने बायकोला सांगितले.

"मग सांगून टाक ना समितीला," ती म्हणाली.

"काय सांगू? की मोजणं मीच बंद केलं होतं?"

"हो. तसंच."

"आणि मावशींना?"

ती ताट उचलून उठली. "मावशीला मी नाही हं सांगणार. ती आवक-जावकमध्ये शिक्के मारत बसली तर वर्षभरात संपेल. तू काहीतरी कर."

माणसे 'काहीतरी कर' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काहीच नसते. जावईबापूच्या मनात मात्र लगेच आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने नोएटाइम काढले आणि एक हुकूम सोडला: संग्रहातली प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. सर्व्हर दुपारभर कण्हत होता. केंद्र सुटेपर्यंत लाखावर फाइलींपुढे त्या दिवसाची तारीख पडली. वर्षभरात न उघडलेली एकही फाइल संग्रहात उरली नाही. घरी जाताना त्याने बायकोसाठी द्राक्षे घेतली.

समितीची सल्लागार आली ती तरुण होती आणि अतिशय सभ्य होती, त्यामुळे तिच्यावर चिडता येत नव्हते. ती मावशींच्या खोलीत बसली. नाना दारात उजवा कान आत करून उभे राहिले. जावईबापू कुंड्यांपाशी होता.

"सगळ्या फाइली एकाच दुपारी उघडल्या आहेत," ती लॅपटॉपमध्ये पाहत म्हणाली. "ओळीने. नावांच्या क्रमाने. मध्ये श्वाससुद्धा न घेता."

"आमच्याकडे वर्दळ असते," मावशी म्हणाल्या.

"हे व्हायरस तपासणीत होतं, मावशी. अशा तारखा आम्ही धरत नाही. नियमच आहे तसा."

"मग त्याच्या आधीच्या धरा."

"आधीच्या राहत नाहीत ना. तारखेला एकच जागा असते. नवीन आली की जुनी जाते."

मावशींनी जावईबापूकडे पाहिले. नानांनीही पाहिले. मग त्याने सगळे सांगितले. वेळ वाचवायला नोएटाइम लावले, त्यामुळे मोजणी थांबली, ती झाकायला परवा दुपारी सगळे वाचून काढले. सांगायला फार वेळ लागला नाही.

सल्लागार बाईने लॅपटॉप अर्धा मिटला. "अरेरे," ती म्हणाली, आणि तिला खरेच वाईट वाटले. "म्हणजे त्याआधी सगळ्या तारखा एका दिवसापाशी येऊन थांबलेल्या असणार. त्यानंतरची एकही नाही."

"हो."

"मागच्या एका केंद्रावर हुबेहूब हेच होतं. इतक्या फाइली, आणि एका दिवसानंतर सगळं चिडीचूप. असं काही वापर थांबल्यानं होत नाही, मोजणी थांबल्यानं होतं. मी तसं लिहिलं. त्यांचा विभाग राहिला. तुम्ही नुसतं होतं तसं ठेवलं असतंत तर—" पुढचे तिने सभ्यपणे गिळले.

"मी लेखी देतो," जावईबापू म्हणाला. "काय झालं ते सगळं, सहीनिशी."

"द्या ना. पण तुम्ही..." ती चाचरली. "तुम्ही यांचे जावई ना? खाली विचारलं तर सगळे तसंच म्हणाले. नात्यातल्या माणसाचं समिती धरत नाही हो."

"भाचीचा नवरा आहे," मावशी म्हणाल्या. "सख्खा नाही."

"सख्खा जावई वेगळा असतो का?" तिने खरोखर माहिती नसल्यासारखे विचारले.

नाना दारातून म्हणाले, "गुरुवारी एक जण फोन करतो. भोंगा ऐकायला. त्याला विचारा."

"चालेल की. त्यांचं नाव?"

"नाव कधी विचारलं नाही."

"नंबर?"

"तो करतो. आम्ही नाही करत."

"आणि ते नाटकवाले? विद्यार्थी?"

"ते येतात, ऐकतात, जातात," मावशी म्हणाल्या. "सही करायला लावली तर यायचे नाहीत, म्हणून मीच ती पद्धत बंद केली. संगणक ठेवतोच की नोंद, असं मला सांगितलं होतं." कोणी सांगितले होते ते त्यांनी सांगितले नाही. कुंड्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते आठवत होते.

सल्लागार बाई जाताना पाण्याच्या मशीनपाशी थांबली, भिंतीवरची पितळी अक्षरे वाचली आणि पेला भरून पाणी प्यायली.

नाना आपल्या खुर्चीकडे गेले.

"जावईबापू, एक विचारू?"

"विचारा ना, मावशी."

"ते शेवटचं लावलंत, त्यानं फरक किती पडला होता?"

"काहीच नाही. जवळजवळ."

"मग ठेवलंत का?"

"काढून टाकावं असं काही दिसलं नाही त्यात."

मावशींनी मान हलवली. "तुम्हाला भाचीसाठी पसंत केलं तेव्हा माझंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते.

समितीचा निर्णय आला. फाइली काढायचे काम सर्व्हर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच आले. बॅकअपही काढायचा होता, कारण बॅकअपही जागाच खातो. आदल्या दिवशी तो घरची एक जुनी डिस्क पिशवीत घालून मावशींकडे गेला.

"थोडंफार मावेल यात," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही सांगाल ते घेतो. कोणाला कळणार नाही."

मावशींनी यादी उघडली. ती लगेच उघडली. त्या संध्याकाळपर्यंत वर-खाली करत राहिल्या. नावाड्यावर थांबल्या, पुढे गेल्या. सुईणीवर थांबल्या, पुढे गेल्या. मधे एकदा नानांनी विचारले, "उचकी घेताय ना?" तर म्हणाल्या, "उचकी घेतली तर मग हवामान पण घ्यायला हवं. नाहीतर ती कशात लागली ते कळणार नाही."

केंद्र सुटायच्या वेळी त्यांनी डिस्क त्याच्या पिशवीत परत ठेवली. "चोरायचं तर सगळं चोरावं," त्या म्हणाल्या. "आणि सगळं मावत नाही."

हुकूम एका ओळीचा होता. वाचायला दुपार लागली होती. काढायला तेवढाही वेळ लागला नाही.

गुरुवारी फोन वाजला. विभाग बंद झाला होता, पण नाना टेबलातले सामान आवरत होते. त्यांनी उजव्या कानाला रिसीव्हर लावला.

"भोंगा काढला हो," ते म्हणाले.

"कुठे ठेवला?"

"कुठेच नाही."

"झालं," तो माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मावशी आवक-जावक शाखेत रुजू झाल्या. त्यांना खिडकीपासून लांबचे टेबल मिळाले आणि कुंड्या जुन्याच खोलीत राहिल्या. रविवारी त्या भाचीकडे जेवायला येत असत, त्या येईनाशा झाल्या. पाय दुखतात, असे त्यांनी भाचीला कळवले. भाचीने नवऱ्याला तो निरोप जसाच्या तसा दिला आणि पुढे काही विचारले नाही. कचेरीत जिन्यात समोर आल्या की त्या त्याला आता नावाने हाक मारत. नाव बरोबर असे, पण तो दर वेळी मागे वळून बघे.

रिकाम्या झालेल्या जागेत वाहनतळाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठू लागले. ते कोणी पाहत नाही. पण सुरक्षा शाखेचा एक प्रोग्राम रोज पहाटे त्यातली प्रत्येक फाइल एकदा उघडून चालते की नाही ते तपासतो. ती व्हायरस तपासणी नव्हे, असे समितीने पाहून ठरवले आहे. त्यामुळे त्या चित्रणाला धोका नाही.

जावईबापूची गडबडीत एक गोष्ट बंद करायची राहून गेली होती: तो रोज सकाळी मोजणारा प्रोग्राम. पुढच्या सोमवारी नेहमीप्रमाणे दोन मेल गेले. संग्रहाचे फोल्डर उघडण्यास लागलेला वेळ: शून्य सेकंद. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उपसंचालकांचे उत्तर आले. 'उत्तम. मुख्य कचेरीला कळवतो. हीच पद्धत इतर विभागांनाही लावा.'

रिकामे फोल्डर उघडायला वेळ लागत नाही.